अंड्याचा वास आणि फुटलेले बोल्ट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काहीही फुटलं की पहिलं बोट हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जातं. त्यानं हार्डनेसचा रिपोर्ट पुढं केला की दुसरं बोट प्लेटिंगवाल्याकडे. प्लेटिंगवाला म्हणतो, मटेरियलवाल्याचं मटेरियलच हलकं होतं. तिघंही एकाच टपरीवर चहा पितात, त्यामुळं भांडण फार ताणत नाही, आणि कारणही कुणाला नीट सापडत नाही. मी या तिघांतली प्लेटिंगच्या बाजूची. झिंक प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर विजेनं जस्त चढवायच्या, जॉबवर्कमध्ये केमिस्ट आहे. म्हणजे टायट्रेशन, हल सेल (द्रावण तपासायची छोटी टाकी), टाक्यांमधली भर हे सगळं माझ्याकडं, आणि गिऱ्हाइकाचा तक्रारीचा फोन आला की तोही माझ्याच गळ्यात.

असाच एक फोन हद्दीपलीकडून, कागलच्या बाजूनं आला होता. १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट. शनिवारी टॉर्क रेंच लावून फिक्श्चरवर कसले, तेव्हा काही झालं नाही. सोमवारी कामगार आले तेव्हा काहींची डोकी खाली पडलेली. रात्रीतून कुणी हात लावला नव्हता, मशीन बंद होतं.

ज्यांचा बोल्टशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: १२.९ मधला १२ म्हणजे साधारण १२०० मेगापास्कल ताण सोसण्याची ताकद, आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो ताणला तरी सोडल्यावर पूर्ववत होतो. हे बोल्ट ३९ ते ४४ रॉकवेल सी इतके कडक असतात. आपल्याकडं शेतीच्या अवजारांना लागतात त्या ८.८ च्या बोल्टांना हा उशिरा तुटण्याचा रोग सहसा होत नाही. पोलाद जितकं कडक, तितकं ते या बाबतीत नाजूक.

जास्त कसल्यामुळं तुटला असता तर बोल्ट कसतानाच तुटला असता, आणि तुटण्याआधी थोडा लांबून बारीक झाला असता. इथं तसं काही नाही. तूट सरळ, दाणेदार, चकाकती. उशिरा तुटणं आणि दाणेदार तूट अशी जोडी दिसली की आमच्या धंद्यात हायड्रोजनचं नाव घेतात. पोलादात वजनाच्या दहा लाखांत दोन-चार भाग इतका हायड्रोजनही अशा कडक बोल्टाला पुरतो.

हे काही नवं ज्ञान नाही. १८७५ साली विल्यम जॉन्सन या माणसानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं हे मांडलं होतं. लोखंडाची तार हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवली की ती वाकवताच मोडते. मोडलेली जागा ओली केली की तिथून बारीक बुडबुडे येतात. आणि तार नुसती ठेवून दिली तर हळूहळू तिची ताकद परत येते. म्हणजे आत काहीतरी शिरलं होतं आणि ते निघून गेलं. एवढं सगळं त्यानं तार, ॲसिड आणि डोळे यांवर ओळखलं. मला हा माणूस फार आवडतो. आमच्याकडं लाखांची मशीन घेऊनही 'काहीतरी प्रॉब्लेम आहे'च्या पुढं गाडी जात नाही.

आता शिरतो कसा, ते.

लोखंड ॲसिडमध्ये गेलं की पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. त्यांतले बहुतेक दोघा-दोघांनी जोडी करून वायू होतात आणि बुडबुड्यांतून निघून जातात. टाकीत जे फसफसताना दिसतं ते हेच. वायूचा जोडरेणू धातूत शिरू शकत नाही, सुटा अणू मात्र शिरतो. तो सगळ्या मूलद्रव्यांत लहान, आणि लोखंडाच्या जाळीतून तो आश्चर्य वाटावं इतक्या वेगानं फिरतो. म्हणजे आत किती जाणार हे ठरतं ते पृष्ठभागावर किती अणू जोडीविना ताटकळत राहिले यावर.

नागपंचमीची फुगडी डोळ्यांपुढं आणा. अंगण मोकळं असेल तर पोरी पटापट जोड्या धरतात आणि फिरत-फिरत निघून जातात. अंगणात मधे-मधे माणसं पाय पसरून बसली, तर हात धरायला जोडीदारीण पोचतच नाही. ही मधे बसणारी माणसं म्हणजे गंधक, फॉस्फरस, आर्सेनिक, सेलेनियम, अँटिमनी, टेल्युरियम. आवर्तसारणीत ही सगळी उजवीकडं शेजारी-शेजारीच राहतात. यांचा अगदी माग पृष्ठभागावर असला की अणूंची जोडी जमणं मंदावतं, सुट्यांची गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की आत उतरणारेही वाढतात. प्रयोगशाळेत पोलादात मुद्दाम हायड्रोजन भरायचा असेल तर ॲसिडमध्ये चिमूटभर आर्सेनिकचं ऑक्साइड किंवा गंधकयुक्त थायोयुरिया टाकतात ते याचसाठी.

मजा म्हणजे आर्सेनिक ॲसिडमधून फुकटही मिळत असे. जुन्या काळी सल्फ्युरिक ॲसिड पायराइट खनिज भाजून करत, आणि त्या खनिजातलं आर्सेनिक ॲसिडमध्ये उतरायचं. १९०० साली इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास बिअर पिऊन हजारो लोक आजारी पडले, कित्येक मेले. बिअरसाठीची साखर बनवायला असंच ॲसिड वापरलं होतं. ज्या ॲसिडनं माणसं मेली त्याच जातीच्या ॲसिडमध्ये त्या काळी तारा आणि पत्रेही पिकल (ॲसिडमध्ये बुडवून साफ) होत होते. त्यांतल्या किती ठिसूळ झाल्या असतील, कोण मोजतंय.

आमच्या टाकीत आर्सेनिक नव्हतं. गंधक होतं, आणि त्याचा पत्ता नाकानं लावला.

येळ्ळूरचे एक मामा आमच्याकडं पिकलिंगवर आहेत. मालानं भरलेलं बॅरल उचलायचं, ॲसिडमध्ये सोडायचं, धुवायचं. त्यांनी एकदा मला बोलावलं, "मॅडम, आज परत अंड्याचा वास येवालाय. मी दोनदा पाणी बदललो, खरं वास जाईना." मागून बैलहोंगलकडचा सुपरवायझर कन्नडमध्ये, "होय मॅडम, वासनी बराकत्तैत्री." म्हणजे वास येतोच आहे. दोघंही वासाला वैतागले होते, बोल्टांशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. (जाता जाता: हा वायू विषारी आहे, आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका. एक्झॉस्ट चालू ठेवा.)

वास यायचा तो फ्री कटिंग स्टीलच्या पिना टाकीत गेल्या की. लेथवर चिपा सुटसुटीत तुटाव्यात म्हणून या पोलादात मुद्दाम गंधक घातलेलं असतं. ते मँगनीज सल्फाइडच्या बारीक रेघांच्या रूपात असतं. पिना ॲसिडमध्ये गेल्या की उघड्यावरच्या रेघा विरघळतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्या पिनांना स्वतःला काही होत नाही, त्या मऊ असतात. पण त्यांच्यामागून त्याच टाकीत कडक बोल्टांचं बॅरल आलं की त्या ॲसिडमध्ये मिसळलेला सल्फाइड बोल्टांवर काम करतो. एका गिऱ्हाइकाच्या मालातलं गंधक दुसऱ्याच्या मालात हायड्रोजन भरायला मदत करणार, आणि दोघांच्या चलनावर लिहिलेलं एकच: 'झिंक प्लेटिंग, ८ मायक्रॉन'.

कागलचे बोल्ट नेमके यामुळंच फुटले, असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्या लॉटचं बेकिंगही (शिरलेला हायड्रोजन काढायला ओव्हनमध्ये तापवणं) उशिरा झालं होतं, आणि पुढं आम्ही बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळं एकाच कारणावर शिक्का मारता येत नाही. पण फ्री कटिंगच्या पिनांची टाकी वेगळी करा हे मी तेव्हापासून धरून बसले. मालकांनी नवी टाकी दिली नाही, मागं पडून असलेली जुनी पीपीची (प्लॅस्टिकची) टाकी दुरुस्त करून दिली. चालतंय.

गंधक आणखी कुठून येतं? कटिंग ऑइलमधून. थ्रेडिंग, ब्रोचिंगसारख्या जड कामांच्या तेलात गंधक, क्लोरीन, फॉस्फरसची संयुगं असतात, दाबाखाली धातूला चिकटून राहावीत म्हणूनच ती घातलेली. चिकटायसाठी बनवलेली वस्तू डीग्रीजिंगच्या (तेल काढायच्या) कोमट, दमलेल्या द्रावणात दोन मिनिटांत निघेल ही अपेक्षा भाबडी आहे. ॲलन बोल्टाच्या षटकोनी खाचेत तर तेल हमखास राहतं. दुसरं म्हणजे इन्हिबिटर. ॲसिडनं गंज खावा, लोखंड खाऊ नये म्हणून हा घालतात. विक्रेता येतो, एक पट्टी साध्या ॲसिडमध्ये, एक इन्हिबिटरच्या ॲसिडमध्ये ठेवतो, वजनातला फरक दाखवतो आणि ऑर्डर घेऊन जातो. वजन कमी घटलं हे खरंच असतं. पण थायोयुरियाच्या घराण्यातले काही इन्हिबिटर लोखंडाचं झिजणं थांबवताना हायड्रोजनचं आत जाणं वाढवू शकतात, कारण त्यांच्यातही गंधक आहे आणि ते फुटून सल्फाइड तयार होऊ शकतो. कडक मालासाठी वजनाची परीक्षा अपुरी. हे मी विक्रेत्यांना विचारते तेव्हा ते ब्रोशर उलटसुलट चाळतात.

आता याची दुसरी बाजू. माझा भाचा मेकॅनिकलला आहे, त्यानं एकदा जेवताना विचारलं, "मावशी, तू म्हणतेस गंधकामुळं हायड्रोजन जास्त शिरतो. आमच्या पुस्तकात तर उलट लिहिलंय, गंधकानं पॅलॅडियम बंद पडतं." पोरगं बरोबर होतं. दोन्ही बरोबर आहेत.

टाकीत हायड्रोजन सुट्या अणूच्या रूपातच जन्माला येतो. सिलिंडरमधल्या वायूत मात्र तो आधीच जोडीनं बांधलेला असतो, आणि ती जोडी भलती घट्ट: मोलमागं ४३६ किलोजूल. ती तोडायला उघडा, सक्रिय धातूचा पृष्ठभाग लागतो. पॅलॅडियमचा पृष्ठभाग हे काम सहज करतो. थॉमस ग्रॅहमनं १८६० च्या दशकातच दाखवलं की पॅलॅडियम स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शे पट हायड्रोजन पिऊन टाकतं. पण त्याच पॅलॅडियमवर गंधक किंवा कार्बन मोनॉक्साइड बसला की जोड्या तोडण्याच्या जागाच भरून जातात आणि पिणं मंदावतं. हायड्रोजन गाळायच्या पॅलॅडियमच्या पातळ पडद्यांचा हा मोठा शत्रू. म्हणजे गंधक दोन्हीकडं तेच करतं, पृष्ठभागावरची जागा अडवतं. जिथं अणू सुटे आहेत तिथं त्यांची बाहेरची वाट अडते, जिथं जोडीनं येतात तिथं आतली. भाच्याला हे पटलं, पण परीक्षेत काय लिहायचं ते विचारून घेतलं.

ऑक्साइडचंही तसंच. हायड्रोजन साठवायला लोखंड आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू आहे, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या रायली आणि विस्वॉल यांनी १९७४ साली त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. स्वस्त, भरपूर हायड्रोजन घेणारा. पण हवेतून आणला की त्यावर ऑक्साइडची साय असते आणि तो हायड्रोजनला हातच लावत नाही. निर्वातात सुमारे ४०० अंशांपर्यंत तापवून, दाबानं हायड्रोजन देऊन आधी 'जागं' करावं लागतं. लँथॅनम-निकेलचा मिश्रधातू महाग, पण तो खोलीच्या तापमानालाही फार आढेवेढे न घेता कामाला लागतो. साठवणाऱ्याला ही साय नकोशी, आणि पोलाद वाचवणाऱ्याला तीच हवी.

१९६६ साली हँकॉक आणि जॉन्सन (हा जॉन्सन दुसरा) यांनी एच-११ पोलादात हायड्रोजन वायूमुळं वाढणारी चीर पाहिली. वायूत एक टक्क्याहूनही कमी ऑक्सिजन मिसळला की चिरेची वाढ थांबायची, ऑक्सिजन काढला की परत सुरू. चिरेच्या टोकाशी नुकतंच उघडं पडलेलं लोखंड असतं, तिथं ऑक्सिजन आधी पोचतो आणि जागा धरतो. एच-११ म्हणजे आपल्याकडं फोर्जिंगच्या डाय करतात तेच, म्हणून मला हा प्रयोग घरातला वाटतो. केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केल्यापासून पाइपमधून हायड्रोजन न्यायच्या बातम्या रोज येतात. त्या वाचताना मला अतिशुद्ध हायड्रोजनची जास्त धास्ती वाटते. थोडा ऑक्सिजन असलेला वायू पोलादाला बहुधा बरा. ओला सल्फाइड असलेला मात्र मुळीच नाही. आपल्या फौंड्रीवाल्यांना तेल-वायूच्या व्हॉल्व्ह बॉडीच्या ड्रॉइंगवर 'नेस एमआर ०१७५' हे मानक लिहून येतं आणि कार्बन स्टीलचा हार्डनेस २२ रॉकवेलच्या आत ठेवा म्हणतात, त्यामागं हाच ओला सल्फाइड आहे.

परत टाकीकडं येते, कारण मिरग निघाला की आमच्याकडं खरा खेळ सुरू होतो. बेळगावचा पाऊस, गोडाऊनमध्ये ओल, आणि हीट ट्रीटमेंटहून आलेला माल प्लेटिंगची पाळी येईपर्यंत तांबडा. गंज स्वतः हायड्रोजन भरत नाही. गंजातून ॲसिडमध्ये उतरलेलं फेरिक लोह तर हायड्रोजन तयार होण्याआधीच इलेक्ट्रॉन पळवतं. त्रास होतो तो वेळेचा. गंज जास्त म्हणून माल टाकीत जास्त वेळ ठेवतात, गंज निघालेल्या जागी उघडं लोखंड ॲसिडमध्ये उकळत बसतं, आणि बाजूच्या डागासाठी त्याला शिक्षा. हीट ट्रीटमेंटचा काळा स्केल (ऑक्साइडची खपली) असेल तर आणखी वेळ. कडक मालाचा गंज आणि स्केल शॉट ब्लास्टिंगनं (बारीक गोळ्यांच्या माऱ्यानं) काढा, ॲसिड फक्त शेवटच्या हलक्या डुबकीपुरतं, हे मी सांगून दमले. ब्लास्टिंगला किलोमागं पैसे पडतात, ॲसिडला पडत नाहीत असं सगळ्यांना वाटतं. इलेक्ट्रोक्लीनिंगमध्येही (विजेच्या साफसफाईत) माल ॲनोडवर घ्यायचा. कॅथोडवर घेतला की साफ लवकर होतो, पण हायड्रोजन थेट त्याच्या अंगावर तयार होतो.

प्लेटिंगमध्येही थोडा शिरतोच. अल्कलाइन झिंकच्या बाथमध्ये विजेचा बराच भाग जस्त बसवण्याऐवजी हायड्रोजन काढण्यात जातो. ॲसिड झिंकमध्ये हा भाग फार कमी. जस्ताचा चकचकीत, घट्ट थर बसला की आत गेलेल्याला बाहेर पडणं अवघड. जॉन्सनची तार ठेवून-ठेवून बरी झाली कारण ती उघडी होती, जस्त चढवलेला बोल्ट तसा बरा होत नाही. म्हणून बेकिंग. १९० ते २२० अंश, प्लेटिंगनंतर शक्यतो ४ तासांच्या आत ओव्हनमध्ये, आणि कडकपणाप्रमाणं ८ पासून २४ तासांपर्यंत. बेकिंग आधी, पॅसिव्हेशन (क्रोमेटचा रंगीत थर देणं) नंतर, कारण पिवळा क्रोमेटचा थर एवढ्या उष्णतेत मरतो. बेकिंगनंतर जस्तावर पुन्हा ऑक्साइडची साय येते, ती अगदी पातळ नायट्रिकमध्ये बुडवून काढायची, तेव्हा कुठं रंग धरतो. लाईट गेली की ओव्हन थंड, आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडचे वाद बहुतेक याच घड्याळावरून होतात.

माल चांगला आहे की नाही हे कळायला फार मोठं यंत्र लागत नाही. भोकं पाडलेल्या कडक प्लेटमध्ये लॉटमधले काही बोल्ट कसून निदान ४८ तास ठेवायचे, मधे एकदा पुन्हा कसायचे. चीर दिसली किंवा डोकं उडालं तर लॉट थांबवायचा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर सोमवारी सकाळी कळण्यापेक्षा आपल्या प्लेटवर कळलेलं बरं. आणि १२.९ साठी खरं तर झिंक फ्लेकच (जस्ताच्या पापुद्र्यांचं कोटिंग) घ्यावं असं माझं मत आहे. त्यात प्लेटिंगची वीज नाही, माल ब्लास्ट करून दिला तर ॲसिडही नाही. स्वतःचंच गिऱ्हाईक तोडणारा सल्ला आहे, मालकांना दाखवू नका.

प्लेटिंगला माल पाठवत असाल तर चलनावर नुसतं 'झिंक' लिहून थांबू नका. ग्रेड लिहा, हार्डनेस लिहा, हीट ट्रीटमेंट कधी झाली आणि कोणत्या तेलावर मशीनिंग झालं ते लिहा, बेकिंग हवं असेल तर किती तास तेही. आणि पिना फ्री कटिंगच्या असतील तर डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, मामा तो डबा जुन्या टाकीकडं नेतात.